‘तेव्हा मी घरात नसतेच’

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओपीडीत दोन प्रकारचे रुग्ण ठरलेले असतात. उपवासाच्या साबुदाण्याने आणि शेंगदाण्याने पित्त उसळलेले, आणि शहाडच्या बिर्ला मंदिराबाहेर रांगेत तासन्‌तास उभे राहून पाय सुजलेले. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, पार बदलापूरपासून माणसं त्या दिवशी शहाडला येतात. ज्यांना पंढरपूर जमत नाही, त्यांचं पंढरपूर हेच. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका द्वादशीला सकाळी एक बाई आल्या, त्या या दोन्हींत बसणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याने आणि सासूने रिक्षातून आणलं होतं. तक्रार : फिट येते. (त्यांची ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत. देऊळ मात्र बदललेलं नाही. ते बदललं तर सांगण्यासारखं काही उरत नाही.)

वय तिशीच्या आतबाहेर. जीन्सच्या कारखान्यातून आलेल्या पँटींचे धागे कापायचं काम त्या घरी करायच्या. वर्षभरापासून फेफऱ्याच्या दोन गोळ्या चालू, डोस वाढत वाढत वरच्या टोकाला गेलेला, तरी झटके कमी नाहीत. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, नॉर्मल. सीटी स्कॅन नॉर्मल. फाइल चांगली जाडजूड. नवरा ती फाइल छातीशी धरून उभा होता आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत होता. बाई माझ्या टेबलावरच्या काचेकडे बघत बसल्या होत्या.

वॉर्डात दाखल केलं. दुपारी आमच्यासमोरच झटका आला. डोळे गच्च मिटलेले, मान डावीउजवीकडे हलतेय, हातपायांच्या हालचालींना एक ताल नाही, आणि हे सगळं सहा-सात मिनिटं. जीभ चावलेली नाही. थांबल्यावर फेफऱ्यानंतर येते तशी गुंगी नाही. उलट मिटल्या डोळ्यांतून पाणी. आमचा तरुण निवासी डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘सर, नाटक आहे.’’

मी त्याला रागावलो नाही, कारण त्याच्या वयाचा असताना मीही हेच म्हणायचो. मी जिथे शिकलो, तिथे अशा बाईला अपघात विभागात कसं ‘उठवायचं’ हे आम्हाला वरच्या बॅचची मुलं शिकवायची. भुवईच्या वरच्या हाडावर अंगठा दाबायचा, नाकाशी अमोनियाचा बोळा धरायचा. घरी कांदा आणि चप्पल, आमच्याकडे अमोनिया, फरक एवढाच. बाई कळवळून डोळे उघडायची, आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो आणि केसपेपरवर ‘हिस्टेरिया’ लिहून, ज्यांनी आणलं त्यांच्याच हवाली तिला करायचो. आपण हिला कुठून उठवलं आणि कुठे परत पाठवलं, हा प्रश्न पडायला मला बरीच वर्षं लागली.

त्या दिवशी खरं काम केलं ते आमच्या वॉर्डातल्या मावशींनी. त्यांनी नवऱ्याला आधार कार्डाची झेरॉक्स आणायला पिटाळलं, सासूबाईंना खाली कँटीनला चहा प्यायला पाठवलं, आणि पडदा ओढून मला डोळ्यांनी खूण केली. सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. मी विचारलं, ‘‘झटका यायच्या आधी काय होतं?’’

‘‘मी जाते.’’

‘‘कुठे?’’

‘‘देवळात. बिर्ला मंदिरात.’’

मग त्या हळूहळू बोलल्या. तो सुरू झाला की त्या जातात. फाटकातून आत, चपला काढायच्या, पायऱ्या चढायच्या, त्या मोजायच्या. आत फरशी गार असते. विठोबाच्या पायावर डोकं टेकलं की मग काही लागत नाही. ‘‘तेव्हा मी घरात नसतेच डॉक्टर. जी असते ती मार खाते. मग तीच उठून भाकऱ्या करते.’’ पूर्वी हे फक्त मार बसताना व्हायचं. आता जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या तरी होतं, आणि कधी कधी देवळात पोचायच्या आधीच अंग झटके द्यायला लागतं.

मावशी पडद्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘हे सखूबाईचं झालं की गं.’’

घरी जाऊन मी ‘संत सखू’ पुन्हा पाहिला. प्रभात फिल्म कंपनीचा १९४१चा चित्रपट. दिग्दर्शन विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं. सखू झाली होती हंसा वाडकर. लहानपणी गणपतीत पडदा लावून दाखवलेला आठवत होता. तेव्हा आम्हा पोरांचं सगळं लक्ष चमत्कारांकडे. गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. कऱ्हाडची सखू, सासरी छळ. कृष्णेवर पाण्याला गेलेली असताना पंढरीची दिंडी दिसते, आणि ती घागर शेजारणीपाशी ठेवून दिंडीत निघते. शेजारीण घरी येऊन सांगते. सखूला मारत आणतात आणि खांबाला बांधून घालतात. मग विठ्ठल बाईच्या रूपात येतो, तिच्या दोऱ्या सोडतो, तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो, आणि सखू पंढरपूरला जाते. इकडे बांधलेली ‘सखू’ मार खाते, आणि सोडल्यावर दळण, कांडण, पाणी, स्वयंपाक सगळं निमूट करते. इतकं छान करते की घर खूश होतं.

आपण याला संतपट म्हणतो. भक्तीच्या अंगाने पाहणाऱ्याला तो भक्तीचा चित्रपट आहेच, आणि त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण ओपीडीत बसणाऱ्या माणसाने तो पाहिला तर दिसतं ते असं : एका मुलीला मार बसतोय, तिला बाहेर जायला दार नाही, आणि ती दोन होते. एक देवापाशी जाते, दुसरी खांबापाशी राहते. मराठी समाजाने ही गोष्ट शतकानुशतकं सांगितली, कीर्तनांत रंगवली, तिच्यावर चित्रपट काढला. मला वाटतं, ती इतकी टिकली याचं एक कारण हे आहे की ऐकणाऱ्या बायकांना ती चमत्काराची वाटत नव्हती. ओळखीची वाटत होती.

वैद्यकशास्त्रात याला डिसोसिएशन म्हणतात. मराठीत ‘विघटन’ वगैरे शब्द केले गेले आहेत. ते ऐकून कोणाला काही कळेल असं मला वाटत नाही. मी रुग्णांशी बोलताना ‘मन बाजूला होणं’ म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. संकट आलं की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, हे आपण शाळेत शिकतो. पण लढता येत नाही आणि पळताही येत नाही, असं असेल तेव्हा काय, हे शाळेत कोणी सांगत नाही. मांजराच्या तोंडातला उंदीर पाहिला असेल, तर उत्तर माहीत आहे : तो निपचित पडतो. माणसाच्या बाबतीत शरीर थिजतं आणि मन दूर जातं. मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो, अफूच्या जातीची. म्हणून ‘काही लागत नाही’ हे त्या बाईंचं वाक्य अक्षरशः खरं होतं. छताजवळून आपण आपल्याकडे बघतोय असं काहींना वाटतं, आवाज लांबून येतात, वेळ ताणला जातो. अपघातातून वाचलेली माणसंही असंच सांगतात. एकदाच झालं तर ते संरक्षण. पण रोज करावं लागलं की मेंदूला ती वाट पाठ होते, आणि मग चपलांच्या आवाजानेही तो त्या वाटेला लागतो. शरीर झटके देतं, वाचा बसते, पाय लुळे पडतात, कोणाच्या अंगात येतं. याला नाटक म्हणणं म्हणजे घामाला नाटक म्हणणं. करणाऱ्याच्या हातात ते नसतं.

इथे एक सावधगिरी. ईईजी नॉर्मल म्हणजे फेफरं नाही, असं नसतं. दोन झटक्यांच्या मधल्या काळात खऱ्या फेफऱ्याच्या रुग्णाचाही आलेख नॉर्मल येऊ शकतो. काही जणांना दोन्ही प्रकारचे झटके येतात. त्यामुळे हे निदान मेंदूविकारतज्ज्ञाने, शक्यतो झटका चालू असतानाचा आलेख पाहून करायचं असतं, आणि हा लेख वाचून कोणी गोळ्या बंद करायच्या नसतात. पण निदान पक्कं झाल्यावर फेफऱ्याच्या गोळ्यांचा डोस वाढवत राहण्यात अर्थ नसतो, हेही तितकंच खरं. त्या बाईंना वर्षभर गोळ्यांची झोप आणि चक्कर मिळाली, बाकी काही नाही.

कल्पनेचं दुसरं रूप याहून सौम्य असतं. त्याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, मनोराज्य. ते सगळेच करतात; मी कल्याणहून लोकलमध्ये उभा असताना करतो. पण काहींचं मनोराज्य इतकं मोठं होतं की दिवसाचे कित्येक तास त्यातच जातात. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाच्या एली सोमर या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये अशा सहा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि याला ‘मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डे-ड्रीमिंग’ हे नाव दिलं. आजारांच्या अधिकृत यादीत ते अजून नाही, आणि त्यावर वाद चालू आहेत. माझ्या कामाचा भाग वेगळाच. सोमर यांच्याकडे ही माणसं आली ती आघातातून गेलेल्यांवर उपचार करणाऱ्या त्यांच्या व्यवसायात. म्हणजे ‘ही सारखी तंद्रीत असते’ ही तक्रार कानावर आली की तंद्रीइतकीच चौकशी घराचीही करावी.

स्पेनच्या यादवी युद्धानंतरच्या काळावर गिलेर्मो देल तोरो यांचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ नावाचा चित्रपट आहे, २००६चा. काळ १९४४. लहान मुलगी, सावत्र बाप लष्करात कप्तान आणि क्रूर. मुलगी जमिनीखालच्या एका राज्यात जाऊ लागते, जिथे ती राजकन्या आहे. ते राज्य खरं होतं की तिच्या मनातलं, यावर पाहणारे अजून भांडतात. डॉक्टर म्हणून मला त्या भांडणात रस नाही. तिला त्या राज्याची गरज का पडली, ते कप्तानाच्या पहिल्या काही दृश्यांतच कळतं.

आता माझं खरं म्हणणं. अशा गोष्टींवर दोन बाजूंनी बोललं जातं. एक बाजू म्हणते, कल्पनेने माणूस मुक्त होतो, बघा कशी सुटली. दुसरी म्हणते, असल्या कथांनीच बायकांना सहन करायला शिकवलं, देवाकडे बघ आणि मार खा. मला दोन्ही अर्ध्याच वाटतात. पहिली बाजू खांबाकडे बघत नाही. दुसरी बाजू त्या बाईंचं देऊळ हिरावून घ्यायला निघते, आणि ते मी करू देणार नाही. त्या देवळाने त्यांना जिवंत ठेवलं होतं. याच वयाच्या, याच परिसरातल्या, ज्यांना असं कुठलंच देऊळ सापडलं नाही, अशा बायका आमच्या अतिदक्षता विभागात विष पोटात घेऊन येतात. सगळ्या वाचत नाहीत.

पण सखूच्या गोष्टीतला मधला भाग मला आता भीतीदायक वाटतो, आणि तो चित्रपट पाहताना आपण हसत हसत ओलांडतो. देव तिच्या जागी राबतो आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही. दळण होतंय, भाकरी मिळतेय, उलट उत्तर येत नाही. सगळं सुरळीत. मन बाजूला झालेल्या बाईचं बाहेरून अगदी हेच चित्र असतं. ती कामात चुकत नाही, शांत असते, भांडत नाही. सासू म्हणते सुधारली. शेजारी म्हणतात समजूतदार आहे. डॉक्टर म्हणतो, या पेशंटचा काही त्रास नाही. जी दुसरी मागे राहते, ती छळाला सोयीची असते. तिच्यामुळे तो वर्षानुवर्षं चालू शकतो. कल्पनेने सखू सुटली असेल, घर मात्र होतं तसंच राहिलं.

आणि गोष्ट सांगणाऱ्यांना हे कळलं होतं, असं मला वाटतं. कारण पुढे अडचण येते ती रखुमाईची. सखू पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडते, आणि रखुमाईच्या लक्षात येतं की आता ती परत गेली नाही तर आपला नवरा कऱ्हाडच्या त्या घरात कायमचा अडकला. तो काही स्वतःहून निघून येऊ शकत नाही. म्हणून ती सखूला पुन्हा उठवते आणि घरी धाडते. प्रत्यक्ष परमेश्वर, पण त्या संसारातून बाहेर पडायला त्यालाही बाहेरून कोणीतरी यावं लागलं. कीर्तनकार इथे हशा वसूल करतात. मला मात्र आमच्या ओपीडीची आठवण येते.

पडद्यावरच्या सखूविषयी एक बोलायला हवं. चित्रपट आला तेव्हा हंसा वाडकर अठरा वर्षांची होती. पुढे १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ने तिला अफाट लोकप्रियता दिली, आणि त्याच नावाने तिचं आत्मकथन आलं. ते वाचलेल्यांना मी वेगळं सांगायला नको : लहान वयात घरासाठी कमवायला लागणं, संशयी नवरा, घर सोडणं, आणि ज्या घरात गेली तिथे पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी. त्या आत्मकथनावर बेतलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त (१९७७) स्मिता पाटील यांनी ती बाई उभी केली. खांबाला बांधलेली सखू जिने वठवली, तिला दोर कसा असतो हे नंतर कळलं की आधीच कळलं होतं, हे तिलाच ठाऊक. तिच्यासाठी पंढरपुराहून कोणी आलं नाही. तिने शेवटी आपली गोष्ट स्वतः सांगितली, ‘ऐका’ असं बजावून.

ऐकणारे किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशात हे प्रमाण सुमारे २९ टक्के. हे सांगितलेलं. न सांगितलेलं वेगळं. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या केवळ १४ टक्के होत्या, आणि ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली ना कोणाला सांगितलं. ज्यांनी मदत मागितली त्यांतल्या बहुतेक माहेरी गेल्या. डॉक्टरकडे जाणाऱ्या अगदी थोड्या.

पण यात एक मेख आहे. त्या आमच्याकडे येतात. सांगायला येत नाहीत, डोकेदुखी घेऊन येतात. पाठदुखी, छातीत धडधड, पोटात गोळा, झोप नाही, अंगावरून पांढरं जाणं, हातापायाची आग. तपासण्या नॉर्मल. आम्ही बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन देतो आणि म्हणतो, टेन्शन घेऊ नका. मी स्वतः हे वाक्य किती हजार वेळा म्हटलं असेन! दीडशे रुग्णांच्या ओपीडीत एका रुग्णाला दोन मिनिटं येतात, हे कारण खरं आहे. पण निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं की विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली तर पुढे काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्याची भीती वाटायची.

पुढे काय करायचं, याचं उत्तर आपल्याच शेजारी तयार झालं होतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ विभाग सुरू केला. मार खाल्लेली बाई उपचाराला येते त्याच इमारतीत, तिला समुपदेशन आणि कायद्याची माहिती. पोलीस ठाण्याची पायरी न चढता. पुढे तो मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांत गेला. २००६च्या ऑक्टोबरपासून कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि त्यात रुग्णालयावरही जबाबदारी आहे : अशा स्त्रीला उपचार नाकारता येत नाहीत, तिने आधी तक्रार केलेली नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतलं मुख्य सूत्र आमच्या मावशींना न वाचता येत होतं : आधी तिला एकटीला गाठा, मग ऐका.

अनुभवाने काही गोष्टी मी त्यात भर घातल्या आहेत. ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर ‘हो’च येतं. ‘अशा त्रासाच्या बऱ्याच बायकांना घरात मारहाण होत असते, म्हणून मी सगळ्यांनाच विचारतो, तुम्हाला कोणी मारतं का?’ असं सरळ विचारावं. ‘मग सोडत का नाही?’ हे कधीच विचारू नये. घर सोडायचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, आणि हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ‘कधी गळा दाबला होता का?’ हे मात्र हटकून विचारावं. त्याच्या खुणा पुष्कळदा दिसत नाहीत, बाई आपणहून सांगत नाही, आणि गळ्यापर्यंत गेलेला हात पुढे जीव घेण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, तर घसा बघून गोळ्या लिहून देऊ नयेत.

नोंदीचा प्रश्न मला अजून नीट सुटलेला नाही. डॉक्टरने तिच्याच शब्दांत लिहिलेली नोंद उद्या न्यायालयात तिचा आधार होते. पण ओपीडीचा केसपेपर तिच्यासोबत घरी जातो, आणि घरी तो फाइल छातीशी धरणारा वाचतो. म्हणून मी सविस्तर नोंद रुग्णालयाकडे राहणाऱ्या कागदांत करतो आणि घरच्या कागदावर ‘डोकेदुखी, पुन्हा दाखवणे’. पुढची तारीख लवकरची देतो. नवऱ्याला सांगतो, औषध बदललंय, दर पंधरा दिवसांनी बघावं लागेल. हे खोटं बोलणं आहे का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. असेल.

त्या बाईंना मी आधी सांगितलं की तुमचे झटके खरे आहेत, तुम्ही नाटक करत नाही, पण हे फेफरं नाही. त्या बराच वेळ रडल्या. वेड लागलंय असं घरात सगळे म्हणायचे आणि त्यांनाही ते पटायला लागलं होतं. देवळाबद्दल मी एवढंच म्हटलं की तिथे जायला काही हरकत नाही, फक्त आपण आणखी एक रस्ता शोधू. मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळ्या हळूहळू उतरवल्या. मानसोपचार विभागातल्या समुपदेशक मॅडमनी त्यांना पाय जमिनीवर दाबायला, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला शिकवलं. मन निघू लागलं की ते परत बोलवायचे हे साधे मार्ग आहेत. पण त्याच मॅडम पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, सर, मार चालू असताना मी हिला घरात परत बोलवू कशाला? आधी ते बघा. ते बरोबर होतं. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक त्यांना पाठ करायला लावला. लिहून दिला नाही, कारण मोबाइल आणि पर्स दोन्ही तपासली जायची. संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत जायला त्यांना सात महिने लागले. मध्ये दोन वेळा त्या आल्याच नाहीत. मला वाटलं, संपलं. एकदा आल्या त्या ओठाला टाके घालून घ्यायला.

आता त्या भावाकडे राहतात, मुलगी त्यांच्यासोबत. भावजय कुरकुर करते. झटके पूर्ण थांबलेले नाहीत, महिन्याला एखादा येतो. धागे कापायचं काम चालू आहे, आणि खांदा दुखतो ही सध्याची मुख्य तक्रार. मागच्या खेपेला मी पुढची तारीख लिहायला लागलो तर म्हणाल्या, ‘‘सोमवार नको डॉक्टर, सोमवारी कोर्टात तारीख आहे. आणि तुम्ही ती ओठाची लिहून ठेवलेली नोंद, तिची प्रत मिळेल का? वकीलबाईंनी मागितलीय.’’

रेकॉर्ड विभागासाठी अर्ज कसा करायचा ते सिस्टरांनी त्यांना सांगितलं. मी मंगळवार लिहिला.